मदत हवी आहे: पत्ता बदललाय, गाडीचा इन्शुरन्स अपडेट होत नाहीये, ९ दिवस राहिलेत

स्विफ्टवाला_०९ (१८ मार्च, रात्री १०:४२)
नमस्कार मंडळी, घर शिफ्ट केलंय, गाडीच्या इन्शुरन्सवरचा पत्ता बदलायचाय आणि कंपनीने दोन वेळा रिक्वेस्ट रिजेक्ट केलीये, पॉलिसी २७ ला संपतेय. अ‍ॅपवर एंडोर्समेंटला (चालू पॉलिसीत बदल करण्याला) टाकलं, माझ्या आधारवर नवीन पत्ता आधीच करून घेतलाय तो अपलोड केला, भाडेकरार जोडला, तरी मेसेज एकच, केवायसी मॅच होत नाही. कस्टमर केअरला तीनदा फोन केला, दर वेळी वेगळा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं आणि शेवटी 'सर ४८ तास थांबा'. कागदं जुन्या घरी जातात, ते घर आता बंद असतं, आणि इथली सोसायटी पार्किंगच्या स्टिकरसाठी नवीन पत्त्याचा इन्शुरन्स मागतेय. कुणी हे केलंय का, नक्की काय लागतं? प्लीज लवकर सांगा.

घाटमाथा (१८ मार्च, रात्री ११:०५)
भाऊ, आधी आरसी मग इन्शुरन्स, हा क्रम पक्का लक्षात ठेव. मी पुण्याहून बेंगळुरूला आलो तेव्हा उलट केलं आणि फार त्रास झाला. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर मोटर वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावाच लागतो. जुन्या आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी, लोन असेल तर बँकेचं पत्र, मग इकडे फॉर्म २७, इकडचा रोड टॅक्स भरायचा आणि महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागायचा. मला सगळं मिळून आठ महिने लागले, त्यातले तीन नुसते एनओसीत गेले. तू एनओसीला अर्ज केलास का? नसेल केला तर उद्याच कर.

रेवती_क (१८ मार्च, रात्री ११:२०)
पॉलिसी आणि आरसी कोणाच्या नावावर आहे? 'केवायसी मॅच होत नाही' हे सहसा पत्त्यामुळे येत नाही, नाव किंवा जन्मतारीख जुळत नसली की येतं.

जुना_एजंट (१९ मार्च, सकाळी ७:१५)
मी २२ वर्षं मोटर इन्शुरन्सचं काम केलंय म्हणून सांगतो, अ‍ॅपवर वेळ घालवू नका. तुमच्या पॉलिसीवर एजंटचं किंवा डीलरचं नाव छापलेलं असेल त्याला फोन करा, नाहीतर सरळ शाखेत जा. पत्त्याचं एंडोर्समेंट हे मोटरमधलं सगळ्यात सोपं काम आहे, एक अर्ज, एक पत्त्याचा पुरावा, बास. ते अडतंय म्हणजे काहीतरी दुसरंच आहे.

सगळं_ऑनलाइन (१९ मार्च, सकाळी ९:०२)
एजंटची काहीही गरज नाही. नऊच दिवस राहिलेत ना, मग एंडोर्समेंटच्या मागे कशाला लागतोस? रिन्यूअलची लिंक येईल तिच्यावरून पैसे भर, जुन्या पत्त्यावर राहू दे, पॉलिसीची पीडीएफ मेलवर येते, कागद कुठे जातोय याला काय अर्थ आहे? आणि तू पुण्यात आला असशील तर पत्ता बदलूच नकोस, पुणे झोन ए मध्ये, म्हणजे जास्त प्रीमियमच्या शहरांत येतं, प्रीमियम वाढेल.

स्विफ्टवाला_०९ (१९ मार्च, दुपारी १:३०)
बेंगळुरू कुठून आलं? मी कोल्हापूरहून वाकडला आलोय, नंबर एमएच ०९, महाराष्ट्रातच आहे. लोन नाही, रोखीने घेतलेली गाडी. २०१८ ची स्विफ्ट पेट्रोल, ११९७ सीसी. क्लेम एकदाही नाही. ऑफिसातून टाइप करतोय, मला फक्त पत्ता कसा बदलायचा एवढंच सांगा.

पंचगंगा (१९ मार्च, दुपारी २:१०)
कोल्हापूरचा कोण आहेस भावा, कुठल्या पेठेतला? मी पण हिंजवडीला सात वर्षं काढली. वाकड पुलाखाली संध्याकाळी सातनंतर गाडी घालू नकोस. आणि तांबडा-पांढरा इकडं कुठंच धड मिळत नाही, घरीच करायचा. इन्शुरन्सचं मला माहीत नाही पण तुझं काम होऊदे.

घाटमाथा (१९ मार्च, दुपारी २:४५)
राज्य तेच असेल तर नंबर बदलत नाही, ठीक आहे. पण आरसीवरचा पत्ता बदलायचाच असतो, कलम ४९ प्रमाणे ३० दिवसांच्या आत कळवायचं, फॉर्म ३३. परिवहनच्या साइटवर अर्ज होतो. म्हणून म्हणतोय आधी आरसी.

जुना_एजंट (१९ मार्च, दुपारी ३:३०)
@सगळं_ऑनलाइन, अर्धवट माहिती देऊ नका हो, लोक वाचून तसंच करतात. झोन पॉलिसीवरच्या पत्त्यावर ठरत नाही, गाडीची नोंदणी कुठल्या आरटीओला आहे त्यावर ठरतो. झोन ए म्हणजे मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद, ही आठच शहरं, बाकी सगळा देश बी. आणि फरक तरी किती? जुन्या टॅरिफमध्ये १००० ते १५०० सीसीच्या पाच ते दहा वर्षं जुन्या गाडीला ए मध्ये ३.४४७ टक्के आणि बी मध्ये ३.३५१ टक्के. तीन लाखांच्या आयडीव्हीवर (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) हे २८८ रुपये झाले, तेही डिस्काउंट आणि एनसीबी (क्लेम न केल्याची सूट) वजा होण्याआधी. आता ओन डॅमेजचे, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर कंपन्या आपापले लावतात, पण हा फरक एवढ्यातच असतो. थर्ड पार्टीत, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या विम्यात तर झोनच नाही, या सीसीला १ जून २०२२ पासून ३,४१६ रुपये, गाडी वाकडला असो नाहीतर गडहिंग्लजला. २८८ रुपयांसाठी खोटा पत्ता ठेवायचा आणि उद्या दोन लाखांच्या क्लेमला सर्व्हेअरसमोर उत्तरं देत बसायची, हे मी कुणालाच सांगणार नाही.

सगळं_ऑनलाइन (१९ मार्च, दुपारी ३:५२)
खोटा पत्ता ठेव असं मी म्हटलं नाही, जुना राहू दे म्हटलं. आणि माझा स्वतःचा क्लेम जुन्या पत्त्यावर असताना पास झालाय, काचेचा होता, चार दिवसांत पैसे आले. एजंट लोकांना ऑनलाइन नकोच असतं. झोनचं तुमचं बरोबर असेल, मी प्रीमियमच्या कॅल्क्युलेटरवर शहर बदलून पाहिलं तेव्हा आकडा वाढला म्हणून लिहिलं.

जुना_एजंट (१९ मार्च, दुपारी ४:०५)
कॅल्क्युलेटरमध्ये शहर विचारतात ते नोंदणीचं शहर असतं, राहण्याचं नाही.

नंबरप्लेट_मित्र (१९ मार्च, दुपारी ४:४०)
२०१८ ची गाडी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावलीये का? १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना लागते. आधी ती बसवून घ्या, बुकिंगला आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर लागतो. मी तीन गाड्यांना लावल्या, काही अडचण आली तर विचारा.

रेवती_क (१९ मार्च, संध्याकाळी ६:१०)
दादा, मी काल रात्री विचारलं होतं, परत विचारते. पॉलिसीवर विमाधारक म्हणून कोणाचं नाव आहे? तुम्ही 'माझ्या आधारवर' असं लिहिलंय. १ जानेवारी २०२३ पासून सगळ्या पॉलिसींना केवायसी सक्तीची आहे आणि ती विमाधारकाचीच लागते. पॉलिसी दुसऱ्या कोणाच्या नावावर असेल तर तुमचं आधार दहा वेळा अपलोड केलं तरी रिजेक्टच होणार.

स्विफ्टवाला_०९ (१९ मार्च, रात्री ९:५५)
गाडी बाबांच्या नावावर आहे, आरसी पण आणि पॉलिसी पण. बाबा सप्टेंबरमध्ये गेले. आईला एकटं ठेवायचं नव्हतं म्हणून जानेवारीत तिला इकडे आणलं आणि मोठं घर घेतलं भाड्याने, त्यासाठीच ही शिफ्टिंग. गाडी बाबांनी रिटायर झाल्यावर घेतली होती, आम्हाला विकायची नाहीये. चालवतो मीच, आईचं फिजिओथेरपी असतं आठवड्यातून दोनदा. मला वाटलं नावाचं सावकाश बघू, आधी पत्ता तरी होऊन जाऊदे. हे आधी लिहायला पाहिजे होतं का? पत्त्याशी त्याचा संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही.

पंचगंगा (१९ मार्च, रात्री १०:०८)
वाईट वाटलं भावा. आईला जप.

घाटमाथा (१९ मार्च, रात्री १०:२०)
फार वाईट झालं. पण मग हे गंभीर आहे, मालक बदलला की १४ दिवसांत कंपनीला कळवायचं असतं, कलम १५७.

जुना_एजंट (१९ मार्च, रात्री १०:५०)
ते १४ दिवस विक्रीसाठी आहेत, इथे लागू नाहीत. मृत्यूचा नियम वेगळा आहे, नीट वाचा दादा. विमाधारक गेल्यावर पॉलिसी लगेच बंद पडत नाही, मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने किंवा पॉलिसी संपेपर्यंत, जे आधी येईल तोवर चालू राहते. त्या मुदतीत वारसाने आपल्या नावावर करून घ्यायची असते. तुमचे तीन महिने डिसेंबरमध्येच संपले. म्हणजे कागदावर २७ मार्च दिसतंय, पण आज काही झालं तर कंपनी हात वर करू शकते. त्यात मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा नोंदणीकृत मालकाचा असतो, तो तुम्हाला लागूच नाही. म्हणून पहिलं सांगणं हे की काम होईपर्यंत गाडी काढू नका, आईंना रिक्षाने न्या. बिनविम्याची गाडी पकडली तर दंड पहिल्यांदा २,००० आहे, पण खरी भीती दंडाची नाही, समोरच्या माणसाला लागलं तर त्याची भरपाई तुमच्या खिशातून जाईल.

दुसरं, रिन्यूअलची लिंक आली तरी बाबांच्या नावाने पैसे भरू नका. गेलेल्या माणसाच्या नावावर करार होत नाही, पैसे जातील आणि क्लेमच्या दिवशी कळेल. सगळं_ऑनलाइन, हे तुमच्यासाठी पण.

सगळं_ऑनलाइन (१९ मार्च, रात्री ११:०२)
मला माहीत नव्हतं की वडील नाहीत. माझा सल्ला मागे घेतो, लिंकवरून भरू नकोस.

रेवती_क (१९ मार्च, रात्री ११:१५)
आम्ही सासऱ्यांच्या गाडीचं केलंय म्हणून लिहिते. आरटीओला फॉर्म ३१ लागतो, मालक वारल्यावर वारसाच्या नावावर करण्याचा तोच फॉर्म. लोक एजंटकडे जातात आणि विक्रीचे २९-३० भरून येतात, मग परत हेलपाटा. मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, पीयूसी, तुमचं आधार-पॅन, आणि बाकीच्या वारसांचं 'गाडी याच्या नावावर करायला आमची हरकत नाही' असं प्रतिज्ञापत्र. आई सोडून अजून कोणी आहे का, बहीण-भाऊ? लग्न झालेल्या बहिणीची पण सही लागते, हे बरेच जण विसरतात. तुमचं नाव आणि वाकडचा पत्ता दोन्ही त्याच वेळी आरसीवर चढवून घ्या, म्हणजे पत्त्यासाठी वेगळं जायला नको. तुम्हाला पिंपरी-चिंचवडचं आरटीओ लागेल, एमएच १४, पुण्याचं नाही. नंबर ०९ चाच राहील.

शाखेत सोमवारीच जा. 'पत्ता बदलायचाय' असं म्हणू नका, 'विमाधारकाचं निधन झालंय, वारसाच्या नावावर करायचंय' हे पहिल्या वाक्यात सांगा. आम्ही पत्ता-पत्ता करत बसलो म्हणून दीड महिना गेला.

जुना_एजंट (१९ मार्च, रात्री ११:२५)
आणि एनसीबी सोडू नका. एनसीबी गाडीचा नसतो, माणसाचा असतो, विकताना तो नव्या मालकाला मिळत नाही. पण विमाधारक गेला आणि गाडी नवरा-बायको, मुलं किंवा आईवडिलांकडे आली तर मिळतो. क्लेम नाही म्हणालात, म्हणजे बाबांचा ५० टक्के झालेला असणार. काउंटरवरचा मुलगा शून्य टाकेल, मागून घ्या.

घाटमाथा (२० मार्च, सकाळी ८:००)
हे वाचणाऱ्या सगळ्यांनी आपापल्या आरसीवर नॉमिनी घालून ठेवा, २०२१ पासून सोय आहे. मी आज माझ्या आणि बायकोच्या गाडीला टाकतोय.

स्विफ्टवाला_०९ (२० मार्च, सकाळी ८:४०)
एक बहीण आहे, सांगलीला. तिला रविवारी बोलावलंय. गाडी पार्किंगमध्ये लावून ठेवलीये. रेवतीताई, तुम्ही पहिल्याच रात्री विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं नाही, सॉरी.

स्विफ्टवाला_०९ (२९ मार्च, दुपारी १२:१५)
अपडेट देतोय. सोमवारी आई आणि बहिणीची प्रतिज्ञापत्रं केली, फॉर्म ३१ चा अर्ज टाकला. पावती घेऊन इन्शुरन्सच्या शाखेत गेलो, रेवतीताईंनी सांगितलं तसं पहिल्या वाक्यात सांगितलं. तिथल्या मॅडमनी मृत्यूचा दाखला पाहिला आणि फाइल लगेच वेगळ्या माणसाकडे दिली. गाडीचे फोटो काढून इन्स्पेक्शन झालं. एनसीबी आधी शून्यच टाकला होता, मी एजंटकाकांचा मुद्दा सांगितला, त्यांनी वरच्या ऑफिसला मेल केला आणि दोन दिवसांनी ५० टक्के धरून कोटेशन आलं. २६ तारखेपासून नवी पॉलिसी सुरू झाली, माझ्या नावावर, वाकडच्या पत्त्यावर, माझा अपघात विमा घालून. आरसी अजून यायचीये, आली की प्रत शाखेत द्यायचीये. सोसायटीने स्टिकर दिलं. काल आईला घेऊन गाडी काढली.

रेवती_क (२९ मार्च, दुपारी १२:४०)
बरं झालं. आरसी आली की नाव आणि चेसिस नंबर पॉलिसीशी एकदा जुळवून बघा, आमच्या वेळी एक अक्षर चुकलं होतं.

पंचगंगा (२९ मार्च, दुपारी १:०५)
भारी. आमच्या काकांच्या गाडीचं असंच राहिलंय, त्यांना जाऊन चार महिने झाले. बहिणीचं प्रतिज्ञापत्र सांगलीला केलं की वाकडला?

स्विफ्टवाला_०९ (२९ मार्च, दुपारी १:२०)
वाकडलाच, नोटरीकडे, दोघींचं एकाच वेळी. आरटीओत दोघींच्या आधारची प्रत पण मागितली, ती सोबत ठेव. आणि भावा, गाडी आजपासूनच लावून ठेव.