डीएसएन म्हणे ‘पाच मिनिटांचं काम’!

अंबडचा_लेथवाला (धागाकर्ता)
काल इथेच एका महाशयांनी लिहिलं, ‘डीएसएन बनवणं पाच मिनिटांचं काम. ज्याला तेवढं जमत नाही त्याने वहीत हिशोब लिहावा.’ वाचून डोकंच फिरलं. (डीएसएन म्हणजे डेटाबेस कुठे आहे, कोणत्या ड्रायव्हरने जोडायचा याची कॉम्प्युटरवर केलेली नोंद.)

माझं अंबडला छोटं वर्कशॉप. केबिनमधल्या डेस्कटॉपवर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस (मायक्रोसॉफ्टचा फुकटचा डेटाबेस), आणि स्टोअरच्या मशीनवर जॉबवर्कची चलनं एक्सेलमध्ये हवी होती. एवढंच! पहिला दिवस ‘सर्व्हर सापडत नाही’ वाचण्यात गेला. एक्सप्रेसमध्ये टीसीपी/आयपी, म्हणजे नेटवर्कवरून जोडायची सोय, मुळातच बंद असते हे कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी फायरवॉल आणि ती एसक्यूएलची ब्राउझर सर्व्हिस (वेबचा ब्राउझर नव्हे). तिसऱ्या दिवशी टेस्ट पास झाली, पेढे आणायचेच बाकी होते, तर एक्सेल म्हणतं ‘आर्किटेक्चर मिसमॅच’. ऑफिस ३२ बिटचं, ड्रायव्हर (डेटाबेसशी जोडणारा दुवा) ६४ चा, आणि दोन्ही एकाच बिटचे लागतात.

आता गंमत बघा. डीएसएन बनवायचं ६४ बिटचं ओडीबीसी टूल ‘सिस्टम३२’ फोल्डरात, आणि ३२ बिटचं ‘सिसवाव६४’ मध्ये. दोन्ही फायलींचं नाव एकच, ओडीबीसीएडी३२. हे ज्याने ठरवलं त्याला वही द्या आधी.

पोर्ट_१४३३
महाशय हजर आहेत. शब्द मागे घेणार नाही. तुमचे तीन दिवस डीएसएनमुळे गेले नाहीत, एरर न वाचता ‘ओके’ दाबल्यामुळे गेले. ‘आर्किटेक्चर’ असं ढळढळीत लिहून येतं, अजून काय हवं? आणि १४३३, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरचं नेहमीचं पोर्ट (जोडणीचा दरवाजा), म्हणाल तर एक्सप्रेसची नेमड इन्स्टन्स (नाव दिलेली प्रत) तिथे असतेच असं नाही, ती डायनॅमिक, म्हणजे बदलतं, पोर्ट घेते. म्हणून ते पोर्ट सांगायला ब्राउझर सर्व्हिस लागते, ती यूडीपी १४३४ वर असते.

अंबडचा_लेथवाला
म्हणजे पाच मिनिटांत हे सगळं पोटातूनच शिकून यायचं का?

कांदाचाळ
लेथवाले दादा, तुम्ही निदान स्वतः केलंत. मी लासलगावकडचा, आमच्या आडतीवर माणूस बोलावला होता. आठशे रुपये घेतले, फायरवॉलच बंद केला, ‘एसए’चा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड १२३ ठेवला, वर राऊटरमधून पोर्ट उघडून दिलं, ‘घरूनही बघता येईल’ म्हणे. जोडणी मात्र झाली हो पाच मिनिटांत!

पोर्ट_१४३३
त्या माणसाला माझा नमस्कार सांगा आणि आजच्या आज ते पोर्ट बंद करा. थट्टा नाही करत.

कांदाचाळ
केलं. पण खरं दुखणं वेगळंच. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या फॉर्ममधून शेतकऱ्याचं नाव मराठीत टाकतो, सर्व्हरवर बघतो तर ‘????’. पाचशे नावं तशीच.

रविवार_कारंजा
नावं इंग्रजीत टाका, विषय संपला. आम्ही वीस वर्षं तेच करतोय.

कांदाचाळ
वा! आणि ‘आहेर’ कसं लिहायचं? आमच्याकडे एकाच आहेरांची तीन खाती निघाली. एक ए, दोन ए, आणि कोणीतरी दोन ई सुद्धा लावले. दोन खात्यांचे पैसे तिसऱ्याच खात्यावर. बोलणी तुम्ही खाणार?

रविवार_कारंजा
टायपिंगवाला बदला मग. मराठीचा झेंडा डेटाबेसमध्ये कशाला?

गोदाकाठी
झेंडा?? ज्याचा माल त्याचं नाव त्याच्या लिपीत लिहिणं म्हणजे झेंडा? तुमच्या दुकानाची पाटी कोणत्या लिपीत आहे साहेब?

रविवार_कारंजा
पाटीवर येऊ नका. धागा डीएसएनचा आहे.

गोदाकाठी
आता धागा आठवला! कांदाचाळ, कॉलम व्हारकॅर (जुन्या कोडपेजचा मजकूर) आहे का? एनव्हारकॅर (युनिकोड, सगळ्या लिप्यांचा) करा. आणि कोडमधून इन्सर्ट करत असाल तर अवतरणाआधी एन लावा: एन'आहेर'. देवनागरीला जुन्या विंडोज कोडपेजमध्ये (अक्षरांच्या यादीत) जागाच नाही, म्हणून प्रश्नचिन्हं. एसक्यूएल सर्व्हर २०१९ पासून युटीएफ-८ कोलेशनही आहे, त्यात व्हारकॅरमध्येही देवनागरी बसते. पण साठलेली ‘????’ परत येणार नाहीत. मूळ अक्षरं गेली ती गेली.

कांदाचाळ
पाचशे नावं पुन्हा? पावतीपुस्तकं काढतो म्हणजे. वहीच कामाला आली शेवटी.

अंबडचा_लेथवाला
पोर्ट साहेब, वाचताय ना? वही.

पोर्ट_१४३३
वाचतोय. बरं, पाच नाही, पंधरा मिनिटं. आणि मराठी असेल तर एक दुपार. खूश? खरं सांगायचं तर गेल्या महिन्यात माझंही अडलं. ओडीबीसी ड्रायव्हर १७ वरून १८ केला आणि ‘सर्टिफिकेट विश्वासार्ह नाही’ म्हणून सगळं ठप्प. १८ मध्ये एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं, म्हणून सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासलं जातं. अर्धा दिवस गेला. बोललो नाही इथे.

अंबडचा_लेथवाला
एरर वाचली नसेल तुम्ही.

कांदाचाळ
एन लावला, ‘आहेर’ ठणठणीत उमटलं! पण आता आवकेची तारीख ०३/०४ टाकली, ती ४ मार्च झाली. आम्हाला ३ एप्रिल हवा होता. हे किती मिनिटांचं काम, साहेब?