कॉलेजात पाणी आणि हवामान बदलावर चर्चा ठेवायची आहे, विषय काय ठेवू?

मृगाची_सर
नमस्कार सगळ्यांना. मी नागपुरात एमएस्सी पर्यावरणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २२ मार्चला जागतिक जल दिन, आमच्या विभागात दरवर्षी दिवसभराची व्याख्यानं असतात आणि यंदा सगळी जबाबदारी आम्हा विद्यार्थ्यांवर टाकलीय. मागच्या वर्षी तीन व्याख्यानं झाली, तिन्ही अभ्यासू माणसांची, एक ध्रुवावरच्या बर्फावर, एक समुद्राच्या पातळीवर, एक कार्बन क्रेडिटवर. विषय महत्त्वाचेच आहेत, माझं काही म्हणणं नाही, पण जेवणानंतर अर्धा हॉल रिकामा झाला. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, सर आमच्या विहिरीला आधी मार्चपर्यंत पाणी असायचं, आता संक्रांतीलाच तळ दिसतो, हे कशाने होतं? तर वेळ संपली म्हणून थेट आभारप्रदर्शन. ती खाली बसली तेव्हाचा तिचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. यंदा तसं होऊ द्यायचं नाहीये. काय विषय ठेवू, कोणाला बोलवू? मनापासून विचारतेय.

तळमजला
ताई, २३ सप्टेंबर २०२३ ठेवा, एवढा एकच विषय दिवसभर पुरेल. मी अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला राहतो. त्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, तलाव ओसंडला आणि पहाटे आम्हाला जाग आली ती फ्रिज पडल्याच्या आवाजाने, पलंगाखाली पाय ठेवला तर गुडघाभर पाणी. आईला खांद्यावर घेऊन वरच्या मजल्यावर नेलं. भिंतीवरची चिखलाची रेघ दोनदा रंग मारूनही पावसाळ्यात परत दिसते. आणि हेच घर, ह्याच घरात जुलै २०१९ मध्ये एक दिवसाआड पाणी यायचं, शहराला पाणी देणाऱ्या तोतलाडोह धरणात पाणी नव्हतं, आम्ही ड्रम भरून ठेवायचो. साधारण चार वर्षांत दोन्ही पाहिलं. एकाच शहरात असं का होतं हे मला कोणीतरी नीट समजावून सांगावं, मी सुट्टी काढून येतो.

नाग_नदीकाठी
शहरातून वाहणारी नाग नदी विसरू नका. तिचं घाण पाणी कन्हानमार्गे वैनगंगेत आणि तिथून गोसीखुर्द धरणात जातं, म्हणजे आपलं सांडपाणी भंडाऱ्याच्या माणसाच्या दारात. चांगली बाजूही सांगा, भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला देतात, तेवढं धरणाचं पाणी वाचतं.

खडू_आणि_टेप
मी भूजलाच्या कामात आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. तळमजला भाऊंच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. हवा एक अंश तापली की ती साधारण ७ टक्के जास्त वाफ धरून ठेवते, मग पाऊस पडतो तेव्हा एकदम कोसळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आणि मोसमातला एकूण पाऊस मात्र कमी झाला. आता हे आपल्या जमिनीवर आणून बघा. नागपूरच्या पश्चिमेला हिंगणा, काटोलकडे काळा पाषाण आहे, पूर्वेकडे वेगळे खडक, कामठीकडे वालुकाश्म. काळ्या पाषाणात पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि भेगांमध्ये, आणि ते मुरायला वेळ लागतो. तोच शंभर मिलिमीटर पाऊस चार दिवस रिमझिम पडला तर विहिरीत उतरतो, तीन तासांत पडला तर नाल्याने वाहून जातो. त्यात शहरात तर सगळीकडे सिमेंटचे रस्ते. म्हणजे पूर आणि कोरडी विहीर हे एकाच पावसाचे दोन परिणाम झाले. त्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे, उरलेलं अर्धं आपण किती उपसतो त्यात आहे, बोअर वाढले हे मान्य करायलाच पाहिजे.

माझं ऐकाल तर व्याख्यान एकच ठेवा आणि प्रत्येक मुलाला आपल्या गावातल्या किंवा मोहल्ल्यातल्या एका विहिरीची पातळी मोजून आणायला सांगा. सोपं आहे. टेपच्या शेवटच्या मीटरला खडू फासायचा, टेपचं खडू लावलेलं टोक पाण्यात बुडेपर्यंत सोडायची, कठड्यापाशीचा आकडा लिहून घ्यायचा, वर ओढल्यावर ओला भाग गडद दिसतो तेवढा वजा करायचा, मग कठड्याची उंची वजा करायची, राहिली ती जमिनीपासूनची पातळी. मे मध्ये आणि ऑक्टोबरमध्ये परत मोजा, दोन्हीतला फरक म्हणजे पावसाळ्याने विहिरीला काय दिलं ते. सलग पाच वर्षं मोजलं तर तुमच्या विभागाकडे स्वतःचा डेटा राहील.

काटोलचा_संत्रा
बरोबर बोलले काका. आमच्या इकडे बाबांची विहीर ४० फुटांची होती, तिच्यावर संत्र्याचा बगीचा पोसला, आता बोअर करून करून थकलो, ६०० फुटांवर नुसता फुफाटा निघते. अन् पावसाचं म्हणाल तर अंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, आम्ही डिसेंबर-जानेवारीत झाडाचं पाणी तोडतो, ताण देतो, पानं मलूल झाली की मग पाणी सोडतो तेव्हा फुलं फुटते. तो ताण चालू असताना अवकाळी पडला की ताण तुटते, झाडाले फुलाऐवजी नुसती पालवी येते, वर्ष गेलं. मृग बहार, म्हणजे पावसाळ्यातला फुलोरा, धरायचा तर जूनचा पाऊस वेळेवर नाही. हे आमच्यासाठी हवामान बदल आहे जी. एक विनंती, शेतकऱ्याले बोलवाल तर दुपारी चारले नका बोलवू, सगळे निघून गेलेले असते, सकाळी पहिलं बोलू द्या, मंग शास्त्रज्ञ बोलतील.

तलावाकाठचा_पोर
मी भंडाऱ्याचा. मामा तलावांवर एक तास ठेवा ना, माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या, जमीनदारांच्या ताब्यात असलेले. कोहळी समाजाने बांधलेले, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारोंनी आहेत. मोठा पाऊस अडवायची व्यवस्था आपल्याकडे होतीच, गाळ भरला म्हणून बंद पडली. आमच्या गावचा तलाव साफ केल्यावर आजूबाजूच्या विहिरींना मे महिन्यातही पाणी होतं, मी स्वतः बादली टाकून पाहिलंय.

मृगाची_सर
खूप खूप आभार सगळ्यांचे, आज विभागात सगळं वाचून दाखवलं. ठरलं असं की सकाळी पहिला एक तास काटोलच्या दादांचा (दादा, येताय ना? येण्याजाण्याची सोय आम्ही करतो), मग तळमजला दादा त्या रात्रीचं सांगतील आणि त्यावर काका पाऊस आणि खडक समजावतील. दुपारी मामा तलाव आणि विहिरींचे आकडे भिंतीवर नकाशात भरायचे. नाग नदीसाठी वेळ उरला नाही, त्यासाठी वेगळा दिवस मागतेय. मागच्या वर्षीच्या त्या मुलीला शोधून काढलं, ती आता बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पहिली विहीर तिच्याच गावची मोजणार आहोत रविवारी. काका, टेप कोणती घ्यायची?

खडू_आणि_टेप
येतो नक्की. इतवारी बाजारात मिळेल, ३० मीटरची स्टीलची घ्या. कापडी नको, ती ओली झाली की ताणते आणि आकडा चुकतो. खडू निळा घ्या, ओला झालेला लगेच दिसतो. आणि कठडा नसेल तर विहिरीच्या काठावर वाकू नका, पोटावर झोपून मोजा, दोघांनी पाय धरा.