सप्ताह तीन दिवसांचा करा म्हणणाऱ्यांना

माळकरी:
परवा आपल्यातल्याच एकाने इथे गावच्या ग्रुपवर लिहिलं की यंदापासून गावचा हरिनाम सप्ताह सातऐवजी तीन दिवसांचा करावा, भाकरीचा व्याप बंद करून शेवटच्या दिवशी काल्याला आचारी लावावा आणि उरलेल्या पट्टीतून, म्हणजे वर्गणीतून, शाळेला वाचनालय करावं. खाली पंधरा-वीस जणांनी अंगठे दिले. त्यातले निम्मे मागच्या वर्षी फक्त काल्याच्या पंगतीला दिसले, हे मी वाढपी होतो म्हणून सांगतो. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या आहेत. सात दिवसांत बसवल्या तर रोज तेराशेच्या आसपास येतात. सकाळी आठला बसलेला वाचक बारापर्यंत जागचा हलत नाही. अठरावा अध्याय एकटाच अठराशेवर ओव्यांचा, तो आला की चांगले चांगले जाणते पाण्याचा तांब्या जवळ ओढून घेतात. तीन दिवसांत बसवायचं तर रोज तीन हजार. त्याला पारायण म्हणत नाहीत, पानं उलटणं म्हणतात. आपल्याकडे चौथी शिकलेल्या म्हाताऱ्या ओळीखाली बोट ठेवून वाचतात. त्यांना पळवणार का?

दुसरी गोष्ट वीण्याची. पहिल्या दिवशी वीणा उभा राहिला की काल्यापर्यंत टेकत नाही. दोन-दोन तासांचा पहारा, म्हणजे दिवसाला १२ आणि सात दिवसांचे ८४. गावाला ८४ वेळा कोणाच्या तरी दारात जाऊन विचारावं लागतं, "तुम्ही उभे राहता का?" आमच्या चुलत्याचं आणि शेजारच्या मळेकऱ्याचं बांधावरून नऊ वर्षं बोलणं बंद होतं. एका सप्ताहात तक्ता करणाऱ्याने मुद्दाम त्यांचे पहारे मागे-पुढे लावले. रात्री दोनला वीणा देताना एकमेकांच्या पाया पडावं लागलं. मांडवात आम्ही चार जण होतो. चुलते खाली वाकले ते लवकर उठलेच नाहीत. बांधाचा दावा पुढे कोर्टात चाललाच, पण त्या रात्रीनंतर एकमेकांच्या घरचं लग्न-मयत चुकलं नाही. हे तीन दिवसांत, आचारी लावून, कसं होणार ते सांगा.

पुण्यातला गावकरी:
ते लिहिणारा मीच. आप्पा, मी सप्ताह बंद करा असं कुठेही म्हटलेलं नाही. आणि काल्यापुरता येणाऱ्यांत मला धरू नका. मागच्या वर्षी मी चार दिवस रजा काढून आलो होतो. तुमच्या ८४ पहाऱ्यांचं मी प्रत्यक्ष पाहिलेलं सांगतो. तिसऱ्या रात्री बाराला मी वीणा घेतला. दोनला येणारा आलाच नाही. खाली ठेवता येत नाही म्हणून काकड्याची माणसं येईपर्यंत उभा होतो. मांडवात मी आणि एक कुत्रं. तक्त्यावर नावं चौऱ्याऐंशी असतील, उभी राहणारी माणसं पंचवीस आहेत. तीच ती.

दुसरं, पैसा. सात दिवसांचे सात कीर्तनकार. त्यातल्या दोन-तीन नावाजलेल्यांच्या पाकिटात पट्टीचा मोठा भाग जातो. ज्यांच्या गाथ्यावर कीर्तन चालतं त्या तुकोबांनीच सांगून ठेवलंय, जेथें कीर्तन करावें तेथें अन्न न सेवावें. बुक्कासुद्धा लावून घेऊ नये म्हणतात. आणि आपण? शाळेच्या दोन खोल्या गळतात, पोरांना गोष्टीचं पुस्तक बघायला मिळत नाही. माझा राग यावर आहे.

टाळकरी:
तो अभंग म्हटला की शेवटपर्यंत म्हणायचा. "तुका म्हणे द्रव्य घेती । देती तेही नरका जाती ॥" देणारेही त्यात आले, म्हणजे आपण. मोबाइलवर ज्याचे व्हिडिओ जास्त चालतात त्याचीच तारीख पाहिजे म्हणून दोन-दोन वर्षं आधी कोण धावतं? शेजारच्या गावाने अमक्याला आणलं मग आपण त्याच्याहून मोठा आणू, ही चढाओढ कोणी लावली? कीर्तनकार घरी येऊन पाकीट मागत नव्हता.

माझा पुतण्या आळंदीला शिकला. जोग महाराजांनी १९१७ साली तिथे वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून गावोगावची पोरं माधुकरी मागून शिकत आली. पुतण्याने चार वर्षं पाठांतर केलं, मृदंगाच्या बोलांपासून सगळं. आज तो खेड्यापाड्यात कीर्तनं करतो. गाडीचं तेल, मृदंगवाला आणि दोन गायक यांचं भागवून हातात काय उरतं ते मला माहीत आहे. सगळ्यांना एका मापाने मोजू नका. सात दिवसांत निदान चार कीर्तनं तालुक्यातल्या तरुण पोरांना द्या. खर्च आपोआप उतरेल, दिवस कमी करायची गरज पडणार नाही.

दहावीतल्या मुलाची आई:
मला सात काय नि तीन काय, त्यावर बोलायचं नाही. आपला सप्ताह बीजेला संपतो. बीज म्हणजे तुकाराम बीज, फाल्गुन वद्य द्वितीया, ती येते मार्चात. दहावीचे पेपर ऐन त्याच वेळी. पहाटे चारला काकडा सुरू होतो तो चार भोंग्यांवर, त्यातला एक आमच्या छपराकडे तोंड करून. मागच्या खेपेला माझा मुलगा गणिताच्या आदल्या रात्री कानात कापूस घालून झोपला. मी सांगायला गेले तर उत्तर मिळालं, "देवाचं नाव कानावर पडलं तर पोरगा नापास होत नाही."

२००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा लावता येत नाही. सणासुदीला सरकार वर्षातून १५ दिवसांपर्यंत सूट देऊ शकतं, पण ती रात्री दहा ते बारा एवढीच. पहाटे चारला सूट नावाची गोष्टच नाही. मी तक्रार केली नाही, कारण याच गावात राहायचंय.

माळकरी:
ताई, भोंग्याचं मान्य. आमच्या लहानपणी काकड्याला भोंगा नव्हताच, टाळाचा आवाज ऐकून माणसं उठायची. देवळाच्या आतल्या पेटीवर काकडा करू, बाहेरचे भोंगे आठनंतर, पारायण सुरू झालं की. तुम्हाला ते उत्तर ज्याने दिलं त्याने चूक केली. पण याचा अर्थ सप्ताहच कापा असा होत नाही.

पुण्यातला गावकरी:
म्हणजे एक तरी चूक निघाली. बरं झालं.

सासुरवाशीण:
आप्पांनी भाकरीच्या व्यापाचं नुसतं नाव घेतलं आणि पुढे गेले. त्या व्यापात कोण असतं ते मी लिहिते.

लग्न होऊन अकरा वर्षं झाली. या अकरा सप्ताहांत काल्याचं कीर्तन मी एकदाही पूर्ण ऐकलेलं नाही. मार्चात कांदा काढणी असते. दिवसभर वाकून कांदा काढायचा, रात्री नवी ज्वारी दळून आणायची, पहाटे तीनला चूल पेटवायची. घरटी पन्नास भाकरी. पन्नास भाकरींना एकट्या बाईला दोन तासांच्या वर लागतात, तेही कोणी जाळ घालायला असेल तर. सात वाजता पोरं येतात, पाटी उचलतात, मांडवात नेतात. मांडवात माइकवरून नाव कोणाचं घेतात? घरधन्याचं. "अमुक यांच्याकडून पन्नास भाकरी." अकरा वर्षांत माझं नाव मी ऐकलं नाही.

आणि त्या बोट ठेवून वाचणाऱ्या म्हाताऱ्या ज्या म्हणता, त्या सगळ्यांच्या घरी सून आहे. माझ्या सासूबाईंना ज्ञानेश्वरी वाचता येते, पण माझ्या लग्नाआधी त्या एकदाही पारायणाला बसल्या नाहीत. आठ ते बारा हीच चुलीची वेळ होती. त्या आता बसतात कारण चुलीपुढे मी आहे. आचारी लावा म्हणणारा पोरगा मला पटतो, वाचनालय होवो न होवो.

आमटीवाला:
वहिनी, तुमचा त्रास खरा आहे, पण आचारी हा इलाज नाही. दोन वर्षं एका पाहुण्यांच्या गावात आचाऱ्याची पंगत बघितली. बुंदी, पुरी, मसालेभात. कागदी ताटांचा ढीग ओढ्यात, अर्ध्या पुऱ्या ताटातच. आमटी-भाकरीत माणूस लागेल तेवढंच चुरून घेतो. उरलेली भाकरी दुसऱ्या दिवशी जनावरांपुढे जाते, वाया काही जात नाही.

सराला बेटाचा गंगागिरी महाराजांचा सप्ताह बघा. पावणेदोनशेच्या वर सप्ताह झाले. लाखो माणूस जेवतं आणि जेवण तेच, आमटी आणि भाकरी. आमटी तिथे मोठ्या कढयांत शिजते, भाकरी आजूबाजूच्या गावांतून ट्रॅक्टर भरून येते. कोणी ठेकेदार नाही. एवढा मोठा सप्ताह भाकरीवर चालतो आणि आपल्या दीड हजार वस्तीला आचारी पाहिजे?

सासुरवाशीण:
त्या ट्रॅक्टरमधल्या भाकरी कोणी थापल्या, ते लिहायचं राहिलं भाऊ. ट्रॅक्टर चालवणाऱ्याने थापल्या नसतील.

आमटीवाला:
प्रत्येक गोष्टीत बाई-पुरुष आणायचं असेल तर बोलणंच खुंटलं. मांडव कोण घालतं? पाणी कोण ओढतं? रात्री आमटीच्या कढईपुढे मी उभा असतो, धुराने डोळे सुजतात. आम्ही मोजून दाखवतो का?

सासुरवाशीण:
तुम्ही मांडवात उभे असता. कीर्तन कानावर पडतं. लोक "वाढा आमटी" म्हणून तुम्हाला नावाने हाक मारतात. माझ्या चुलीपुढे भिंत असते.

खालच्या आळीचा:
मी सहसा इथे लिहीत नाही. पण आचारी लावायचं एवढ्या सहज ठरवू नका.

आमच्या आळीची पट्टी गाव पहिल्यापासून घेत होतं. भाकरी घेत नव्हतं. शिधाही नाही, फक्त रोकड. पंढरपूरचं देऊळ सानेगुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली उघडलं, गावच्या मांडवात आमची भाकरी यायला त्यानंतर चाळीस वर्षं लागली. मी सहा-सात वर्षांचा होतो. आजीने पाटी भरली आणि स्वतः डोक्यावर घेऊन गेली, वडिलांना जाऊ दिलं नाही. मांडवाच्या तोंडाशी दोघे-तिघे आडवे आले. तेव्हाच्या विणेकऱ्याने, नाव घेत नाही, पहारा दुसऱ्याला दिला, खाली आला, आजीच्या डोक्यावरची पाटी स्वतः उतरवली आणि भाकरी ढिगावर ओतल्या. एकदा ढिगात गेल्यावर कोणाची कोणती ते कोण सांगणार? त्या दिवशी सगळ्या गावाने त्या ढिगातलं खाल्लं. काही उठून गेले, तेही खरं.

आचाऱ्याच्या पुरीत हे होत नाही. तिथे पट्टी द्यायची आणि जेवून यायचं. आमची पट्टी तर आधीही चालत होतीच.

माळकरी:
तो विणेकरी माझा बाप. घरात याबद्दल कधी बोलणं झालं नाही. मला आज कळतंय.

सासुरवाशीण:
दादा, तुमच्या आजीचं वाचून हात थांबला. आचारी लावा हे माझं म्हणणं मी मागे घेते. पण तेवढंच. पाटी उतरवायला एक पुरुष मांडवातून खाली आला म्हणून तुम्ही त्याची आठवण ठेवली. त्या पन्नास भाकरी आजीने एकटीने थापल्या असतील, रात्री मजुरी करून आल्यावर. तीही गोष्ट सांगा.

आणि आता विषय निघालाच आहे तर वीण्याचंही बोलते. पहाऱ्याला माणसं मिळत नाहीत म्हणून पुण्यातला भाऊ पहाटेपर्यंत उभा राहिला. तक्त्यात बाईचं नाव का नाही? शिऊर आपल्यापासून किती लांब आहे? तिथे संत बहिणाबाईंची समाधी आहे. 'संतकृपा झाली' हा अभंग त्यांचा, कीर्तनात निम्म्या वेळा तोच ऐकवता. वारकऱ्यांची सगळी इमारत कशी उभी राहिली ते एका बाईने सांगितलेलं चालतं, पण बाईने दोन तास वीणा धरलेला चालत नाही.

टाळकरी:
जुन्या लोकांना विचारावं लागेल. पुष्कळ गावांत बायका पहारा देतात, दोष काही नाही. पण रात्रीचं…

सासुरवाशीण:
रात्री तीनला मी चुलीपुढे जागीच असते.

पुण्यातला गावकरी:
वहिनींचं पटलं. तरी माझा मुद्दा कोणी खोडला नाही. सात दिवस ठेवा, पण मोठ्या कीर्तनकारांचं पाकीट ठरवताना पट्टीचा हिशेब देवळाच्या फळ्यावर लिहा. शिल्लक निघाली तर शाळेची खोली. हे लेखी पाहिजे, मांडवातलं तोंडी नको. मागच्या दोन वर्षांचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही.

माळकरी:
फळ्यावर लिहू. मी स्वतः लिहीन. मोठ्या नावाच्या कीर्तनकाराच्या दोन तारखा दिलेल्या आहेत, त्या मोडता येणार नाहीत, पुढच्या वर्षीचं बघू. सात दिवस मात्र सातच. बायकांच्या पहाऱ्याचं मी बैठकीत काढतो, तिथे काय होईल ते आत्ता सांगत नाही. घरात आईला विचारलं, ती म्हणाली, "पहिला पहारा मला लाव."

आमटीवाला:
आणि भाकरीचं? ते तसंच राहिलं.

सासुरवाशीण:
राहिलं नाही. देवळामागच्या पटांगणात दहा चुली मांडा, भोंगा नको पण कीर्तन ऐकू येईल एवढ्या जवळ. पीठ मळायला आणि जाळ घालायला पुरुष पाहिजेत. कोण कोण येणार ते नावानिशी इथेच लिहा, पहाऱ्याच्या तक्त्यासारखं. माइकवरही तीच नावं घ्या.

खालच्या आळीचा:
माझं लिहा. पहाटे तीन ते पाच, जाळ घालायला.

आमटीवाला:
मी कढईवर असतो. माझ्या भावाला विचारून सांगतो.