मदत हवी आहे: तंबोऱ्याच्या खर्जाची आस लवकर तुटते

मिरजेचा जुना तंबोरा आहे, पट्टी काळी एक (पेटीची पहिली काळी हा त्याचा सा). जोडाच्या (मधल्या दोन, सा च्या) तारा छेडल्यावर आस (मागे रेंगाळणारा नाद) दहा-बारा सेकंद छान टिकते. खर्जाची (सगळ्यात खालच्या सा ची) पितळी तार मात्र तीन-चार सेकंदांतच बसते, वर ‘टण्ण’ असा कोरडा आवाज. तार नवी बदलली, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) पुसली, जवारीचा (झंकार खुलवायला तारेखाली घालतात तो) दोरा मागेपुढे सरकवून पाहिला. कुठेतरी क्षणभर झंकार उठतो आणि मरतो. दोरा काढला तरी तेच. सूर बारीक जुळवायचा मणी तारेला घट्ट आहे, भोपळ्याला तडा नाही. (पंचमाची तक्रार नाही.) जवारी काढणारे (घोडी घासून झंकार जुळवणारे) कारागीर इथून लांब आहेत आणि घोडीला स्वतः कानस लावायची माझी हिंमत नाही. तार या पट्टीला बारीक पडतेय की घोडीवर खर्जाखाली खाच पडलीय, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?