एएनए पॉझिटिव्ह आलंय, म्हणजे ल्युपसच का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

धाकटी बहीण, वय २६, आम्ही कराडचे. जूनपासून तिची सकाळी उठल्यावर हाताची बोटं आखडतात, मूठच वळत नाही, तासाभराने जरा सैल होतात. आधी चिकनगुनियाच धरून चाललो कारण गल्लीत घरटी एक पेशंट होता, पण ती टेस्ट निगेटिव्ह. मग केस गळायला लागले, अधूनमधून ताप, तोंडात टाळूला फोड येतात पण दुखत नाहीत (आरशात बघितलं म्हणून कळलं म्हणे), आणि उन्हात गेली की दोन्ही गाल लाल. आई म्हणाली वांग आहे, पार्लरवालीने क्रीमही खपवलं. शेवटी फिजिशियननी एएनए (शरीर स्वतःच्याच पेशींवर उलटलंय का ते बघायची रक्ताची टेस्ट) करायला लावली, १:३२० आलीय. ईएसआर ७८, सीआरपी नॉर्मल (दोन्ही शरीरातल्या सुजेच्या टेस्ट), पांढऱ्या पेशी ३४००. ल्युपस (प्रतिकारशक्तीच स्वतःच्या शरीरावर उलटते तो आजार) असू शकतो म्हणाले, पुण्याला रुमॅटॉलॉजिस्टना (सांध्यांच्या आणि अशा आजारांचे डॉक्टर) दाखवा. अपॉइंटमेंट १९ दिवसांनी!

पॉझिटिव्ह आलंय तर "असू शकतो" काय, एका टेस्टने कळत नाही का? आणि मामा म्हणतायत ओळखीच्या डॉक्टरकडून तोवर स्टिरॉइड चालू करून टाक. करावं का? आईला तर फक्त हिच्या लग्नाचं कसं होणार हेच पडलंय.

प्रतिसाद १
लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही. एएनए ल्युपसच्या जवळजवळ सगळ्या पेशंटांत पॉझिटिव्ह येते, पण उलटं खरं नाही. १:८० (म्हणजे रक्त ८० पट पातळ करूनही दिसते) तर धडधाकट माणसांतही दिसते, थायरॉइडवाल्यांत दिसते. म्हणून निगेटिव्ह आली तर ल्युपसची शक्यता खूप कमी होते, पॉझिटिव्ह आली तर फक्त पुढचं दार उघडतं. पुढे डीएस-डीएनए आणि अँटी-स्मिथ या अँटीबॉडीच्या टेस्ट बघतात, या दोन ल्युपसच्या जास्त खास. सी३, सी४ (रक्तातली प्रतिकारशक्तीची प्रथिनं) कमी झालेत का तेही बघतात. एएनए मात्र परत परत करत बसू नका, पैसे वाया.

युरोप-अमेरिकेच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये गुणांची पद्धत काढलीय. एएनए किमान १:८० असेल तरच मोजायला घ्यायचं, मग सांधे ६, पांढऱ्या पेशी ४००० च्या खाली ३, ताप २ असं करत १० झाले की ल्युपसमध्ये धरतात. पण ती मुळात संशोधनासाठी आहे, आणि दुसरं कारण जास्त पटत असेल तर तो गुण धरायचाच नाही, त्यामुळे घरी बेरीज करून ठरवू नका.

प्रतिसाद २
मी स्वतः ल्युपसची पेशंट, ११ वर्षं झाली. दादा, लघवी तपासलीत का?? तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये लघवीचं नावच नाही. ल्युपसमध्ये किडनीला सूज आली तरी सुरुवातीला काहीच दुखत नाही, माझं साध्या रुटीनमध्ये प्रोटीन निघालं म्हणून कळलं. उद्याच करा, बीपी पण बघा.

स्टिरॉइड मामांच्या सांगण्यावरून अजिबात नको. सूज उतरली की तपासताना डॉक्टरांना काय दिसणार? लाली आली की लगेच फोटो काढून ठेवा, नाकाच्या बाजूने ओठाकडे जाते ती घडी मोकळी राहते का ते दिसलं पाहिजे, ल्युपसमध्ये बहुधा राहते. चालू असलेल्या गोळ्यांची यादी न्या, टीबीच्या आयसोनियाझिडनेही ल्युपससारखं होतं. आणि आईंना सांगा, माझं लग्न निदानानंतरच झालंय, मुलगी पाच वर्षांची आहे.

धागाकर्ता
ताई, आज केली. प्रोटीन २+, लाल पेशीही आहेत. बीपी १४२/९०. फिजिशियननी स्वतः पुण्याला फोन लावला, आता परवाच बोलावलंय, येताना २४ तासांची लघवी मोजून रिपोर्ट आणा म्हणाले. मामांना गप्प केलंय. ती लघवी नक्की कशी गोळा करायची, लॅबवाल्याने नुसता कॅन हातात दिला.

प्रतिसाद १
उद्या सकाळची पहिली टाकून द्यायची आणि ती वेळ लिहून ठेवायची. तिथून पुढची प्रत्येक कॅनमध्ये, परवा त्याच वेळेची पहिली धरून. एक जरी चुकली तरी लॅबला सांगा, लपवू नका. कॅन फ्रिजमध्ये ठेवा, आई ओरडल्या तरी.