मागच्या शेडचा नकाशा

ए-४०२ ताई: सेक्रेटरीसाहेब, नोटीस बोर्डावर सोसायटीमागच्या जुन्या कारखान्याच्या शेडचा नकाशा लागलाय. जिम, हॉल, दुकानं. कधी ठरलं हे? शेडचं सगळे मिळून ठरवू, असं वार्षिक सभेच्या (एजीएम) मिनिट्समध्ये आहे.

सेक्रेटरी: ताई, नमस्कार. तो फक्त प्रस्ताव आहे. सूचना लेखी द्याव्यात.

सी-१०१: पार्किंगचं काय?

ए-४०२ ताई: नकाशा छापून झाल्यावर सूचना कसल्या? आधी शेडमध्ये जमू. फरशीवर खडूने खऱ्या मापाच्या रेषा मारू. इथे सुतारकाम, इथे मातीकाम, इथे नाटकाची तालीम. तिथे उभं राहिलं की कोण कोणाला नडतंय ते लगेच कळतं.

बी-२०३ काका: मी त्याच शेडमध्ये लेथवर होतो. छपराच्या काचा उत्तरेला आहेत. थेट ऊन फारसं येत नाही, दिवसभर सारखा उजेड. चित्रकारांना याहून चांगलं काय हवं? आणि नकाशात त्याखाली फॉल्स सीलिंग!

ए-५०१: काका 🙏 ढोल पथकालाही कोपरा द्या

बी-३०४: ढोल?? घरात दहावीची मुलं आहेत

ए-५०१: मावशी, आठनंतर टिपरूला हात नाही लावणार 😄

डी-१०३: भाडेकरूंनी यात पडू नये. मेंटेनन्स ओनर भरतात.

ए-५०१: आमच्या भाड्यातूनच भरता ना सर?

सी-१०१: परत विचारतो, पार्किंगचं काय?

खजिनदार: भावना समजल्या. पण दुकानं आली तर लिफ्टचं काम होईल. कलाकार भाडं देणार का?

ए-४०२ ताई: रस्त्याकडे दुकानं ठेवा, माझी ना नाही. मागचा भाग मोकळा द्या. ॲमस्टरडॅममध्ये एनडीएसएम नावाची जहाजांची गोदी १९८४ ला बंद पडली. पुढे कलाकारांनीच आराखडा दिला. शेडमध्ये नुसते सांगाडे उभे केले, आतलं ज्याने त्याने बांधलं. पोरांचं स्केटिंगसुद्धा त्याच छपराखाली आलं. आपल्याकडे येवल्याचे विणकर आहेत, तांबट आहेत. त्यांनाही बोलवू. कामवाल्या मावशी, वॉचमन, सगळे येऊ देत.

डी-१०३: नाशिकचं ॲमस्टरडॅम करा आता.

बी-२०३ काका: साहेब, चेष्टा नको. तिथे आम्ही घाम गाळलाय.

सी-१०१: गाड्या कुठे लावायच्या?

ए-४०२ ताई: दादा, रविवारी दहाला या. पार्किंगच्या रेषा तुम्हीच मारा.

सी-१०१: येतो. टेप आणतो.

सेक्रेटरी: चावी माझ्याकडे आहे. नकाशा तोवर उतरवतो.

बी-२०३ काका: पत्रे ॲस्बेस्टॉसचे आहेत. कोणी ड्रिल मारू नका, ती धूळ छातीत बसते. आधी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या.