इंग्रजीतील ‘शेवटा’चे शब्द: खऱ्या व्युत्पत्ती कोणत्या आणि रचलेल्या कथा कोणत्या?

प्रश्न: धरमपेठची शिक्षिका

नमस्कार. मी नागपुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. वर्ष संपताना आमचे विद्यार्थी एक भित्तिपत्रक काढतात, आणि यंदा त्यांनी ‘शेवट’ या कल्पनेभोवतीचे इंग्रजी शब्द व वाक्प्रचार हा विषय घेतला आहे. मुलांनी उत्साहाने बरीच माहिती जमवली. परंतु तिचा मोठा भाग मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून आलेला असल्यामुळे ती तपासल्याशिवाय भिंतीवर लावणे मला पटत नाही. भिंतीवर लागलेली गोष्ट मुले आयुष्यभर खरी मानतात.

उदाहरणादाखल त्यांची काही विधाने देते. ‘डेडलाइन’ म्हणजे तुरुंगातील अशी रेषा, की जी ओलांडणाऱ्या कैद्याला गोळी घालत. ‘बिटर एंड’ (अगदी शेवटचे टोक) यातील ‘बिटर’चा कडूपणाशी काही संबंध नाही. ‘सेव्ह्ड बाय द बेल’ (ऐन वेळी वाचणे) हा वाक्प्रचार जिवंतपणी पुरल्या गेलेल्या माणसांच्या थडग्यावरील घंटेवरून आला. ‘इलेव्हन्थ अवर’ (अगदी शेवटची वेळ) म्हणजे रात्रीचे अकरा. शिवाय एका विद्यार्थिनीने वर्गात विचारले, की ‘एंड’ हा शब्द आपल्या ‘अंत’वरून इंग्रजांनी घेतला असेल का? तिला मी पुढच्या आठवड्यात उत्तर देईन असे सांगितले आहे. जाणकारांनी यांतील खरे-खोटे निवडून द्यावे आणि शक्य असल्यास अशी निवड कशी करायची तेही सांगावे, ही विनंती.

उत्तर १: जुना खिळेजुळारी, महाल

ताई, माझा व्यवसाय छापखान्याचा. खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, जुळवण्याच्या काळापासून ते संगणकापर्यंतचा. त्यामुळे ‘डेडलाइन’पासूनच सुरुवात करतो, कारण हा शब्द आमच्या घरातून गेलेला आहे.

तुरुंगाची गोष्ट खरी आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडील राज्यांनी जॉर्जियामधील अँडरसनव्हिल येथे १८६४ मध्ये युद्धकैद्यांची एक उघडी छावणी उभारली. तिच्या लाकडी तटापासून सुमारे १९ फूट आत एक साधे, हलके कुंपण घातले होते, आणि त्याला ‘डेड लाइन’ असे नाव होते. ते ओलांडणाऱ्या, किंबहुना त्याला नुसता हात लावणाऱ्या कैद्यालाही पहारेकरी गोळी घालीत. छावणीत सुमारे ४५,००० कैदी येऊन गेले आणि त्यांपैकी जवळजवळ १३,००० मरण पावले. बहुतेक उपासमारीने आणि रोगराईने. छावणीचा प्रमुख हेन्री विर्झ याच्यावर युद्धानंतर खटला चालला आणि नोव्हेंबर १८६५ मध्ये त्याला फाशी झाली. त्या खटल्यामुळे हा शब्द वर्तमानपत्रे वाचणाऱ्या सर्वांच्या कानांवर गेला.

मात्र आज आपण ‘अर्ज भरण्याची डेडलाइन’ म्हणतो तो अर्थ तेथून थेट उडी मारून आला, असे मुलांनी लिहू नये. मधल्या काळात छपाई यंत्राच्या सपाट पाट्यावर आखलेल्या एका रेषेला ‘डेड लाइन’ म्हणत. जुळवलेला फर्मा, म्हणजे खिळ्यांचा मजकूर, चौकटीत आवळून पाट्यावर चढवला, की त्यातील एकही ओळ त्या रेषेपलीकडे जाता कामा नये. गेली तर ती नीट छापली जात नसे. वेळेच्या मुदतीचा अर्थ विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात अमेरिकी वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतून रूढ झालेला दिसतो. तुरुंगातील रेषा आणि यंत्रावरील रेषा या दोहोंमध्ये ‘पलीकडे गेल्यास संपले’ ही कल्पना समान आहे. पण त्यांतील कोणत्या रेषेने बातमीदारांना हा शब्द दिला, हे छातीठोकपणे सांगता येईल असा कागद उपलब्ध नाही. भित्तिपत्रकात नेमके एवढेच लिहावे.

निवड कशी करायची, हेही आपण विचारले आहे. माझ्या मते दोन प्रश्न पुरेसे आहेत. तो शब्द त्या अर्थाने प्रथम कोणत्या साली लिहिलेला सापडतो? आणि ज्या प्रसंगावरून तो आला असे सांगतात, त्या प्रसंगाच्या आसपासच्या लेखनात तो दिसतो का? ‘सेव्ह्ड बाय द बेल’ या कसोटीवर टिकत नाही. घंटा बसवलेल्या शवपेट्यांची पेटंटे एकोणिसाव्या शतकात खरोखर घेतली गेली होती, त्यामुळे कथा पटते. परंतु त्या पेट्यांच्या संदर्भात हा वाक्प्रचार कोणी वापरल्याचा पुरावा नाही. तो मुष्टियुद्धाच्या आखाड्यातला आहे. खाली पडलेल्या खेळाडूचे आकडे मोजले जात असताना फेरी संपल्याची घंटा वाजली की तो वाचे. थडग्याची कथा १९९९ च्या सुमारास ईमेलने जगभर फिरलेल्या एका मजकुरामुळे पसरली. ती मुलांनी निःसंकोचपणे काढून टाकावी.

‘बिटर एंड’विषयी मात्र मुलांनी जमवलेले बरेचसे बरोबर आहे. जहाजाच्या डेकवर नांगराचा दोर गुंडाळण्यासाठी जे भक्कम खुंट असतात त्यांना ‘बिट’ म्हणतात, आणि दोराचा जो भाग जहाजातच राहतो तो ‘बिटर्स एंड’, असे कॅप्टन जॉन स्मिथ याने १६२७ मध्ये खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात नोंदवले आहे. दोर तेथवर सोडला म्हणजे सोडायला पुढे काही उरत नाही. पण १६११ च्या इंग्रजी बायबलात, नीतिसूत्रांच्या पाचव्या अध्यायात, शेवट कडू वनस्पतीसारखा होतो असे वचन आहे, आणि ते चर्चमध्ये जाणाऱ्यांच्या कानांवर पडे. म्हणून ‘कडूपणाशी काही संबंध नाही’ हे विधान फार ठाम झाले. खलाशांचा दोर आणि धर्मग्रंथातील कडवटपणा असे दोन्ही अर्थ बोलणाऱ्यांच्या मनात एकत्र आले असावेत, असे मला वाटते.

उत्तर २: वकील, सिव्हिल लाइन्स

वरील उत्तर उत्तम आहे. त्यात माझ्या क्षेत्रातील एका शब्दाची भर घालतो, कारण तो शेवटाचा आहे हे आता कोणाच्या लक्षातही येत नाही. तो शब्द ‘फाइन’, म्हणजे दंड.

लॅटिनमध्ये ‘फिनिस’ म्हणजे शेवट. ‘फिनिश’ आणि ‘फायनल’ त्यातून आले हे उघड आहे. पण मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘फिनिस’ याचा अर्थ ‘वाद मिटवण्यासाठी दिलेली रक्कम’ असाही झाला. पैसे भरले, प्रकरण संपले. दंडाचा ‘फाइन’ तेथून आला आणि ‘फायनान्स’ हा शब्दही मुळात देणे चुकते करून ते संपवण्याचाच आहे.

इंग्लंडच्या न्यायालयांत जमिनीच्या तडजोडीच्या एका दस्तालाही ‘फाइन’ म्हणत. त्याची रीत मुलांना नक्की आवडेल. चर्मपत्राच्या एकाच तुकड्यावर तोच मजकूर तीनदा लिहीत: वरच्या भागात शेजारी शेजारी दोन प्रती आणि तळाला आडवी तिसरी. मग त्या नागमोडी रेषेत कापून वेगळ्या करीत. वरच्या दोन प्रती दोन्ही पक्षांना मिळत आणि तळाची, म्हणजे ‘फूट’, न्यायालय स्वतःजवळ ठेवी. पुढे कोणी बनावट प्रत आणली, तर कापलेल्या कडा जुळवून पाहिल्या की खोटेपणा उघड होई. तळाची प्रत जपून ठेवण्याची ही पद्धत जुलै ११९५ मध्ये सुरू झाली आणि १८३३ च्या कायद्याने असे दस्त बंद होईपर्यंत चालली. वाद खरोखर संपला आहे याची खात्री त्या कापलेल्या कडेत होती, आणि वकील म्हणून मला ही व्यवस्था फार मोलाची वाटते.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारा शब्द ‘शिक्कामोर्तब’ आहे. मराठेशाहीतील पत्रांवर आरंभी मुख्य शिक्का उमटवीत आणि मजकूर संपला तेथे मोर्तबेचा लहान शिक्का. शिवाजी महाराजांच्या पत्रांवरील समाप्तीच्या मुद्रेत ‘मर्यादेयं विराजते’ ही अक्षरे आहेत: येथे मर्यादा आली, यापुढे कोणी काही घुसडू नये. आज आपण एखाद्या निर्णयावर ‘शिक्कामोर्तब झाले’ म्हणतो, तेव्हा त्या पत्राचा आरंभ आणि शेवट दोन्ही नकळत उच्चारत असतो. भित्तिपत्रकाच्या एका कोपऱ्यात याला जागा द्यावी, अशी माझी सूचना आहे.

धरमपेठची शिक्षिका

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. नागमोडी कापलेल्या दस्ताची प्रतिकृती मुले स्वतः करून लावतील. ‘एंड’ आणि ‘अंत’, तसेच ‘इलेव्हन्थ अवर’ यांविषयी कोणी लिहील का? ‘स्वान साँग’ (कलावंताची अखेरची कृती) हेही राहिले आहे. मरताना हंस खरोखर गातो, असे एका मुलाने लिहून आणले आहे.

उत्तर ३: भाषाशास्त्राची विद्यार्थिनी, रामदासपेठ

मॅडम, त्या विद्यार्थिनीचा प्रश्न फार चांगला आहे आणि तिला वर्गासमोर शाबासकी द्यावी. ‘एंड’ इंग्रजांनी ‘अंत’वरून घेतला नाही, पण दोन्ही शब्द एकाच कुळातील आहेत. इंग्रजीचे सर्वांत जुने रूप ‘एन्दे’ आहे, तर गॉथिक या इंग्रजीच्या जुन्या नातलग भाषेत ‘आन्दीस’ आणि संस्कृतमध्ये ‘अन्त’. इंग्रज भारतात येण्याच्या कितीतरी शतके आधीपासून हा शब्द त्यांच्या भाषेत होता, म्हणजे उसनवारीचा प्रश्नच उरत नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा आणि गॉथिकही त्याच मुळाची असावी, असे संस्कृतचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या व्याख्यानात मांडले, ते अशाच साम्यांवरून.

याहून रोचक भाग अर्थाचा आहे. या कुळाच्या मूळ धातूचा अर्थ ‘पुढचा भाग, कपाळ’ असा मानतात. लॅटिनमधील ‘आन्ते’, म्हणजे ‘आधी, समोर’, हाही त्याच मुळाचा. समोर जे येते ते कड आणि कड म्हणजे जेथे वस्तू संपते ती जागा, असा अर्थ सरकत गेला. म्हणूनच दोरीला दोन ‘एंड’ असतात. त्यांतले पहिले कोणते आणि शेवटचे कोणते, हा प्रश्न पडत नाही. संस्कृतातही ‘दिगंत’ आणि ‘प्रांत’ यांमधला ‘अंत’ कडेचाच आहे, मृत्यूचा नव्हे.

‘इलेव्हन्थ अवर’चा रात्रीच्या अकराशी संबंध नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मालकाचा दृष्टान्त आहे. त्या काळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत बारा तास मोजत, त्यामुळे अकरावा तास म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमाराची वेळ. तेव्हा कामावर आलेल्या मजुरांनाही मालकाने दिवसभर राबलेल्यांइतकीच मजुरी दिली. याच्या शेजारी मुलांनी आपला ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार ठेवावा. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्याच्या घंगाळात तरंगत ठेवत; छिद्रातून पाणी हळूहळू वर येई, चोवीस मिनिटांत वाटी काठोकाठ भरे आणि बुडे. ती बुडाली की घटका भरली. लग्नाचा मुहूर्त त्याच वाटीवर पाहत आणि माणसाचा शेवटही भाषेने तिच्यावरच मोजला.

हंसाचे थोडक्यात सांगते. मरताना हंस गातो ही ग्रीकांची समजूत होती आणि पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी यानेच निरीक्षणाच्या आधारे ती खोटी ठरवली होती. ‘स्वान साँग’ हा शब्द मात्र इंग्रजीत एकोणिसाव्या शतकात जर्मनवरून आला. संगीतकार शुबर्ट १८२८ मध्ये वारला आणि पुढच्या वर्षी प्रकाशकाने त्याची अखेरची गाणी याच अर्थाच्या जर्मन नावाने प्रसिद्ध केली. त्या मुलाने ‘असे मानत’ एवढी सुधारणा केली, तर त्याचे लेखन ठेवण्यासारखे आहे.

उत्तर ४: निवृत्त रेल्वे कर्मचारी, अजनी

एक शब्द सर्वांकडून राहिला आहे: ‘टर्मिनस’. आपले नागपूर ‘जंक्शन’ आहे, गाड्या येथून चारही दिशांना पुढे जातात. मुंबईला मात्र ‘टर्मिनस’, कारण तेथे रूळच संपतात. मुळात टर्मिनस हा रोमन लोकांचा सीमेचा देव आणि त्याची मूर्ती म्हणजे शेताच्या हद्दीवर रोवलेला दगड. दरवर्षी २३ फेब्रुवारीला दोन्ही बाजूंचे शेजारी आपापल्या बाजूने त्या दगडाला माळा घालत, नैवेद्य दाखवत आणि एकत्र जेवत. आपल्या विदर्भात धुऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या चालणारी भांडणे पाहिलेल्या माणसाला या सणाचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. ‘टर्मिनेट’ आणि ‘टर्म’ हे शब्दही याच दगडापासून निघाले. ‘एंड’चा मूळ अर्थ कड असेल, तर भित्तिपत्रकात ‘टर्मिनस’ त्याच्या लगतच लावावा.